लिंकन सेंटरच्या मागची शाळा

न्यूयॉर्कचं लिंकन सेंटर बघायला गेलेला माणूस कारंज्यापाशी फोटो काढतो, ऑपेरा हाउसच्या काचांतून दिसणारी शगालची चित्रं न्याहाळतो आणि आल्या वाटेने ब्रॉडवेकडे वळतो. ऑपेरा हाउसच्या पाठीमागे ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवर सहसा कुणी फिरकत नाही. तिथे रस्त्यापलीकडे काँक्रीटची एक थोराड इमारत उभी आहे. रूपावर जाल तर एखाद्या विमा कंपनीचं कार्यालय वाटावं. शाळा सुटली की मात्र तिच्या दारांतून पाठीवर चेलो घेतलेली, काखेत चित्रांचं बाड मारलेली, नृत्याच्या कपड्यांवर नुसताच कोट चढवलेली पोरं बाहेर पडतात आणि भुयारी रेल्वेच्या दिशेने पांगतात.

ही फिओरेलो एच. लाग्वार्डिया हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट अँड परफॉर्मिंग आर्ट्स. नाव इतकं लांबलचक, कारण या मुळात दोन शाळा आणि दोघींचा स्वभाव वेगळा. लाग्वार्डिया म्हणजे ज्याचं नाव तिथल्या विमानतळालाही आहे, तोच महापौर.

त्याचे वडील अमेरिकी सैन्यात बँडमास्तर होते. संगीताचं वेड घरातलंच. १९३४ साली तो महापौर झाला तेव्हा मंदीने शहराचं कंबरडं मोडलं होतं. अशा वेळी, १९३६ साली, त्याने हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट काढली. हार्लेमच्या अंगाला टेकडीवर गॉथिक धाटणीची इमारत होती, मुलं तिला ‘कॅसल’ म्हणत. शाळागीताची चाल ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीतून घेतली होती, यावरून तिथल्या हवेची कल्पना यावी. ही शाळा व्यावसायिक कलावंत घडवण्यासाठी नव्हतीच. गुणी मुलाला चांगलं शालेय शिक्षण मिळावं आणि त्याची कलाही वाढावी, एवढाच हेतू. गंमत म्हणजे याच अभिजात वातावरणातून हार्वी कर्ट्झमन, विल एल्डर आणि अल जाफी हे ‘मॅड’ मासिकाचे खट्याळ शिलेदार निघाले. ‘आय लव्ह न्यूयॉर्क’ हे लाल बदामाचं बोधचिन्ह काढणारा मिल्टन ग्लेझरही इथलाच.

दुसरी शाळा निघाली १९४८ च्या सुमारास, टाइम्स स्क्वेअरजवळ ४६व्या रस्त्यावरच्या जुन्या शाळेच्या इमारतीत. तिचा जन्म एका धंदेशिक्षणाच्या शाळेच्या पोटातला. फ्रँकलिन केलर या मुख्याध्यापकाचं म्हणणं सरळ होतं: मुलगा हाताचं कसब शिकून पोटाला लागतो, तसा नट किंवा नर्तक का लागू नये? आजूबाजूला ब्रॉडवेची थिएटरं, म्हणजे बाजारपेठ दाराशीच. हार्लेमचा आर्थर मिचेल इथे नाच शिकला, न्यूयॉर्क सिटी बॅलेचा पहिला कृष्णवर्णीय प्रमुख नर्तक झाला आणि १९६९ साली त्याने डान्स थिएटर ऑफ हार्लेम उभं केलं. अल पचिनोही याच शाळेतला. पण अभ्यासात गटांगळ्या खात त्याने शाळा अर्धवट सोडली. मोठमोठ्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचं नाव मात्र आवर्जून घेतलं जातं.

१९६१ मध्ये कागदोपत्री दोन्ही शाळा एक झाल्या. प्रत्यक्षात एका छपराखाली यायला १९८४ उजाडलं. त्याआधीच १९८० साली ॲलन पार्करच्या ‘फेम’ या सिनेमाने ४६व्या रस्त्यावरची शाळा जगभर पोहोचवली होती. तीही गंमतच. पटकथेतली भाषा आणि प्रसंग न रुचल्याने शिक्षण मंडळाने शाळेत चित्रीकरणाला परवानगी नाकारली. आतले बरेचसे प्रसंग एका बंद पडलेल्या शाळेत उरकले गेले. म्हणजे जगाने जी शाळा पाहिली ती ही नव्हेच. या शाळेला कीर्ती जितकी मिळाली, तितकाच तिच्याबद्दलचा गैरसमजही, असं मला वाटतं. टॅक्सीच्या टपावर नाचणारी मुलं सिनेमात असतात. खऱ्या शाळेत बीजगणित असतं.

नववी ते बारावीची अडीच हजारांहून अधिक मुलं इथे शिकतात. दिवसातले काही तास ‘स्टुडिओ’चे, म्हणजे नाट्य, नृत्य, गायन, वादन, चित्रकला, रंगमंच-तंत्र यांपैकी आपापल्या विषयाचे; बाकीच्या तासांना भाषा, विज्ञान, इतिहास. सरकारी शाळा असल्याने फी नाही. शहराच्या पाचही विभागांतून मुलं येतात, काही तास-दीड तासाचा प्रवास करून. शहराच्या नऊ खास हायस्कुलांपैकी आठांत एकाच लेखी परीक्षेवर प्रवेश मिळतो. इथे त्या परीक्षेला जागा नाही, ऑडिशन द्यावी लागते. नाट्यविभागासाठी परस्परविरोधी स्वभावाची दोन स्वगतं. गाणाऱ्याला गाण्याबरोबर ऐकलेला ठेका टाळीने आणि सुरावट गळ्याने परत करावी लागते. पुढे रॅप-गायिका झालेल्या निकी मिनाजचा ऑडिशनच्या दिवशीच गळा बसला. गायनाची संधी हुकली आणि ती नाट्यविभागात शिरली. आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांच्या जोरावर दहावीत चार गुण वाढतात, त्या मानाने हा मामला फारच निराळा.

फी नसली तरी ऑडिशनपर्यंत पोहोचायला पैसा लागतोच. ज्या घराला लहानपणापासून बॅलेचा वर्ग किंवा व्हायोलिनची शिकवणी परवडते, त्या घरचं मूल दहा पावलं पुढे असतं. त्यामुळे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचं शाळेतलं प्रमाण शहराच्या मानाने कमी का, हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो. त्याला जोडून दुसरा वाद: प्रवेश देताना गुणपत्रिका किती बघायची? उत्तम गाणाऱ्या पण गणितात कच्च्या मुलीला दार बंद करायचं का? २०१९ च्या मे महिन्यात शेकडो विद्यार्थ्यांनी शाळेत बैठा सत्याग्रह केला. तक्रार अशी की अभ्यासाच्या जड विषयांना झुकतं माप मिळतंय आणि कलेची गळचेपी होतेय. मुख्याध्यापक बदलले, पण वाद काही मिटला नाही. मिटेल असंही वाटत नाही, कारण टेकडीवरची शाळा आणि ४६व्या रस्त्यावरची शाळा या दोघी त्या काँक्रीटच्या इमारतीत अजून भांडतायत. माझं मत विचाराल तर पारडं केलरच्या बाजूने झुकावं. चांगलं गणित शिकवणाऱ्या शाळा त्या शहरात आणखीही आहेत.

चालती शाळा असल्याने पर्यटकांना एरवी आत सोडत नाहीत. मात्र संगीतिका, नृत्याचे आणि वाद्यवृंदाचे कार्यक्रम तिकीट काढून बघता येतात. १ नंबरच्या गाडीने ६६व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरावं आणि ज्युलियार्ड स्कूलची इमारत ओलांडून पश्चिमेकडे चालावं.