कुत्र्याचे दात व हिरड्या : घरगुती निगेचा विचार

भोकरदन येथे १९७३ साली झालेल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचा एक तुकडा सापडला. १९३८ साली पाँपेई येथे मिळालेल्या प्रतिमेशी त्याचे साम्य असल्यामुळे पुराभ्यासकांना तो सुपरिचित आहे. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र त्यातून निराळाच बोध घ्यावा. हस्तिदंत म्हणजे मुख्यतः दंतिन. कुत्र्याच्या दातात दंतवल्काच्या आत असणारे द्रव्य याच जातीचे. ते मातीत सुमारे दोन हजार वर्षे टिकले. मग त्याच भोकरदनच्या शेतवस्तीवर राखण करणारा कुत्रा आपल्या अल्प आयुष्यात दात का गमावतो? कारण असे की, दात बहुधा किडून जात नाही. त्याला धरून ठेवणारी हिरडी व हाड नष्ट होते.

प्रौढ कुत्र्यास ४२ दात असतात. वरच्या जबड्यात २० व खालच्यात २२. त्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असते. त्यामुळे दातकीड त्याच्यात विरळा. परंतु लाळेतील कॅल्शियमचे क्षार दातांवर लवकर साचतात. घासलेल्या दातावर काही तासांतच जंतूंचा मऊ, चिकट थर बसू लागतो आणि दोन-तीन दिवसांत तो कठीण होऊन त्याचे कीटण बनते. वरच्या चौथ्या उपदाढेजवळ लाळेच्या ग्रंथीची नलिका उघडते, म्हणून तेथे, गालाकडील बाजूस, कीटण दाट आढळते. ते दिसावयास ओंगळ खरे, पण मुख्य अपाय हिरडीच्या कडेखालील जंतूंमुळे होतो. हिरडी लाल होते, सुजते, तिच्यातून रक्त येते. येथवरचा विकार बरा होण्याजोगा असतो. पुढे हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण पडते व हाड झिजते. ते हाड आपोआप भरून येत नाही. कुत्र्याच्या तोंडाला वास यावयाचाच, हा आपल्याकडील समज म्हणूनच घातक होय. तो वास बहुधा या विकाराचाच असतो.

घरगुती निगेची मर्यादा यावरूनच ठरते. मऊ थर घरी निघतो, कीटण निघत नाही. ते नखाने वा चिमट्याने खरवडले, तर दिसणारा भाग जातो, हिरडीखालचा राहतो, आणि ओरखडलेल्या दातावर नवा थर अधिकच घट्ट बसतो. ते काम पशुवैद्याने, भूल देऊनच करावयाचे. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण भोकरदनहून दोन्ही दूर. तेथे रोजच्या घासण्याचे मोल अधिक.

त्यासाठी लहान मुलाचा मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेले ओले, स्वच्छ फडके पुरते. तोंड उघडण्याचीही गरज नाही. ओठ उचलून गालाकडील बाजूने हिरडीच्या कडेवर घासले म्हणजे बहुतेक कार्य साधते. आतली बाजू जीभ पुष्कळशी साफ ठेवते. आठवड्यातून एकदाच घासणे मात्र जवळजवळ व्यर्थ. माणसाची टूथपेस्ट वापरू नये, कारण कुत्रा ती गिळतो आणि काहींत असणारे झायलिटॉल त्यास विषारी आहे. मीठ व राखुंडीही नकोत. कडक भाकरीने दात साफ होतील, ही अपेक्षाही फोल; ती दाताच्या टोकावरच मोडते, हिरडीच्या कडेपर्यंत पोचत नाही. हाड चघळल्याने थोडे घासले जाते, पण त्यावर वरची चौथी उपदाढ फुटण्याचा धोका असतो.

हा सर्व उपचार रेबीजची लस टोचलेल्या, घरच्या सवयीच्या कुत्र्यापुरताच समजावा. कुत्र्याचा खालचा जबडा एकाएकी लोंबू लागला, लाळ गळू लागली, गिळता येईनासे झाले, तर घशात हाड अडकले असे समजून मालक तोंडात हात घालण्याचा संभव असतो. रेबीजचा मूक प्रकार नेमका असाच दिसतो. लाळेतील विषाणू बोटावरील बारीक खरचटीतूनही शरीरात शिरतो, आणि लक्षणे उमटल्यावर हा रोग जवळजवळ निश्चित प्राणघातक ठरतो. अशा कुत्र्यास कोणी हात लावू नये व पशुवैद्यास त्वरित बोलवावे. लाळ लागलीच असेल, तर तो भाग साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.