खेळ जुना, हक्क मात्र ताजा : बॉथेलमध्ये जन्मलेल्या एका व्हिडिओ गेमची कथा

सिॲटलच्या उत्तरेस, किंग आणि स्नोहोमिश या दोन काउंटींच्या सीमेवर वसलेले बॉथेल आज जैवतंत्रज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांच्या उद्योगांसाठी ओळखले जाते. रेडमंड, बेलव्ह्यू येथील संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांनाही हे गाव परिचित आहे. मात्र १९९७ च्या सप्टेंबर महिन्यात याच गावातील केव्हडॉग एंटरटेनमेंट या स्टुडिओने 'टोटल ॲनिहिलेशन' हा युद्धनीतीचा खेळ बाजारात आणला होता, हे फार थोड्यांना आठवत असेल. हा स्टुडिओ बंद होऊन पाव शतक लोटले. खेळ मात्र चाहत्यांनी जिवंत ठेवला. जुन्या खेळाची चाहत्यांनी केलेली पुनर्निर्मिती कायदेशीर केव्हा ठरते आणि केव्हा नाही, हे समजून घेण्यासाठी या खेळाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हक्क कुणाकडून कुणाकडे गेले?

केव्हडॉग ही ह्युमंगस एंटरटेनमेंट या कंपनीची शाखा. रॉन गिल्बर्ट आणि शेली डे यांनी १९९२ मध्ये स्थापन केलेली ह्युमंगस मुलांसाठी खेळ तयार करीत असे. 'फ्रेडी फिश', 'पजामा सॅम' ही तिचीच अपत्ये. १९९६ मध्ये जीटी इंटरॅक्टिव्ह या प्रकाशकाने ह्युमंगस विकत घेतली. पुढे जीटी इंटरॅक्टिव्ह फ्रान्सच्या इन्फोग्राम्सच्या ताब्यात गेली, २००० मध्ये केव्हडॉगला टाळे लागले आणि अमेरिकेतील इन्फोग्राम्सने २००३ मध्ये अटारी हे नाव धारण केले. जानेवारी २०१३ मध्ये या अटारीने दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतरच्या लिलावात 'टोटल ॲनिहिलेशन' वॉरगेमिंग या कंपनीने घेतला, तर ह्युमंगसचे बहुतेक खेळ टॉमो या कंपनीकडे गेले.

या प्रवासातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खेळाचे मुख्य रचनाकार क्रिस टेलर किंवा त्यांचे सहकारी यांपैकी कुणीही या व्यवहारांत मालक म्हणून दिसत नाही. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा स्वामित्वहक्क अमेरिकन कायद्यानुसार मालक-कंपनीचा असतो आणि तो प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो. या हिशेबाने १९९७ चा हा खेळ २०९२ च्या अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा राहील. स्टुडिओ बंद पडला किंवा खेळ दुकानांतून नाहीसा झाला, तरी हक्क बुडत नाही. 'बेवारस खेळ' असा शब्दप्रयोग चाहत्यांत रूढ असला तरी कायद्यात तशी वर्गवारी नाही.

चाहत्यांनी वाट कशी काढली?

स्वीडनमधील काही खेळाडूंच्या गटाने 'टोटल ॲनिहिलेशन'चे सामने त्रिमितीत पाहण्यासाठी एक साधन तयार केले. त्यातून 'टीए स्प्रिंग' हे मुक्तस्रोत इंजिन उभे राहिले. हे इंजिन त्यांनी स्वतः, मुळापासून लिहिलेले होते. परंतु त्यावर चालणारे सुरुवातीचे खेळ मूळ खेळातील रणगाड्यांच्या प्रतिकृती, चित्रे आणि ध्वनी वापरीत. म्हणजे घर स्वतःचे, पण सामान दुसऱ्याचे!

पुढे हे सामान हळूहळू बदलले गेले. इंजिनच्या नावातून 'टीए' ही अक्षरे गळली. 'कम्प्लीट ॲनिहिलेशन' या खेळाने मूळ साहित्य काढून टाकून 'झिरो-के' हे नवे नाव घेतले आणि २०१८ मध्ये तो स्टीमवर अधिकृतपणे दाखल झाला. त्याच परंपरेतील 'बियाँड ऑल रीझन' या खेळानेही प्रतिकृती, ध्वनी आणि संगीत नव्याने घडविले. लढाईची धाटणी तीच राहिली, परंतु मालकी सांगता येईल असे जुने काही त्यात उरले नाही.

कायदा नेमके कशाचे रक्षण करतो?

पुरणपोळीची कृती कुणाच्याही मालकीची नसते. मात्र ती सांगण्यासाठी एखाद्या लेखिकेने पुस्तकात योजलेले शब्द आणि काढलेली छायाचित्रे तिची असतात. खेळांचेही तसेच आहे. नियम, कल्पना आणि कार्यपद्धती यांना स्वामित्वहक्काचे संरक्षण नाही. चित्रे, संगीत, पात्रे, संवाद आणि संगणकीय संहिता यांना ते आहे. मूळ कृतीवर आधारित नवी कृती करण्याचा अधिकारही हक्कधारकाकडेच असतो, आणि बहुतांश पुनर्निर्मिती अडकते ती येथेच.

रेषा नेहमीच स्पष्ट नसते. २०१२ च्या 'टेट्रिस' खटल्यात न्यू जर्सीतील संघराज्य न्यायालयाने नियम मोकळे असल्याचे मान्य केले. तरीही ठोकळ्यांचे रूप आणि एकूण मांडणी हुबेहूब उचलणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. उलट, १९९२ च्या सेगा विरुद्ध अकोलेड खटल्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दुसऱ्याची संहिता उलगडून तिचे कार्य समजून घेणे, अन्य मार्ग नसेल तर, न्याय्य वापर ठरू शकते असे म्हटले. वॉशिंग्टन राज्य याच सर्किटमध्ये येते.

'आम्ही पैसे घेत नाही' हा बचाव पुरेसा नाही, हेही ध्यानात ठेवावे. न्याय्य वापर ठरविताना न्यायालय ज्या चार बाबी तपासते, त्यांत नफ्याचा विचार येतो, परंतु तो एकमेव निकष नाही.

शेजारच्या दोन कंपन्या, दोन वाटा

ऑगस्ट २०१६ मध्ये 'मेट्रॉइड २' या खेळाची एका चाहत्याने अनेक वर्षे खपून केलेली पुनर्निर्मिती विनामूल्य प्रसिद्ध झाली आणि काही दिवसांतच निन्टेंडोच्या तक्रारीवरून ती काढून टाकावी लागली. निन्टेंडोचे अमेरिकेतील मुख्यालय रेडमंड येथे आहे. त्याच्या शेजारच्या बेलव्ह्यू येथील व्हॉल्व्ह कंपनीने मात्र आपल्या 'हाफ-लाइफ'ची 'ब्लॅक मेसा' ही चाहत्यांची पुनर्निर्मिती रोखली तर नाहीच, उलट ती विकण्याची परवानगी दिली. २०२० मध्ये तिची पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. कायदा दोघींनाही एकच लागू होता. फरक होता तो हक्कधारकाच्या इच्छेचा.

'कारवाई केली नाही तर हक्क जाईल' असे समर्थन प्रकाशकांच्या बाजूने अनेकदा केले जाते. व्यापारचिन्हाबाबत त्यात तथ्य आहे, कारण त्याचे रक्षण न केल्यास ते दुबळे होऊ शकते. स्वामित्वहक्क मात्र केवळ दुर्लक्षामुळे संपत नाही.

बाजू उलटली तेव्हा

ह्युमंगसचे खेळ आधुनिक संगणकांवर चालतात ते प्रामुख्याने 'स्कमव्हीएम' या स्वयंसेवकांच्या मुक्तस्रोत प्रकल्पामुळे. २००८ मध्ये अटारीने यांतील तीन खेळ 'वी' या यंत्रासाठी प्रसिद्ध केले. त्यांत कंत्राटदाराने स्कमव्हीएमचीच संहिता श्रेय न देता, परवान्याच्या अटी न पाळता वापरल्याचे उघड झाले. स्वयंसेवकांनी वकिलामार्फत दाद मागितली आणि २००९ मध्ये तडजोड झाली. स्वामित्वहक्काचे शस्त्र चाहत्यांच्याही हाती असू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

आपण काय लक्षात ठेवावे?

आपल्यापैकी अनेकजण दिवसा कंपनीसाठी आणि रात्री हौसेने संहिता लिहितात. अशांनी प्रथम स्वतःचा नोकरीचा करार वाचावा. स्वतःच्या वेळेत, कंपनीची साधने किंवा गोपनीय माहिती न वापरता लावलेल्या शोधावर वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार मालकाला कराराद्वारे हक्क सांगता येत नाही. मात्र तो शोध कंपनीच्या व्यवसायाशी थेट संबंधित असल्यास ही सवलत मिळत नाही. खेळ बनविणाऱ्या कंपनीतील नोकरदाराने घरी खेळच बनविला, तर पेच तेथेच उभा राहतो. दुसरे, मूळ नाव, चित्रे आणि ध्वनी पहिल्या दिवसापासून टाळावेत. तिसरे, परवानगी मिळाल्यास ती लेखी घ्यावी.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. हक्क सांभाळणारे पुष्कळ, खेळ सांभाळणारे थोडे, अशी ही अवस्था आहे. बॉथेलचा एक खेळ वाचला, कारण त्याच्या चाहत्यांनी दुसऱ्याचे ते बाजूला ठेवून स्वतःचे घडविण्याचे कष्ट घेतले. प्रत्येक जुन्या खेळाला असे चाहते लाभतीलच, असे नाही.