सीताबर्डीची सहल : एका दिवसाचा इतिहासपाठ

शालेय सहल म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे मोटार, डबा आणि बाजार उभा राहतो. त्यात वावगे काही नाही. परंतु खेड्यातील मूल वर्षातून एकदा नागपूरसारखे मोठे शहर पाहणार असेल, तर त्या दिवसाचा काही भाग त्याच्या मनात कायमचा राहील अशी योजना शिक्षकाने करावयास हवी. इतिहासाच्या दृष्टीने अशी योजना करण्यास सीताबर्डीच्या दोन टेकड्यांइतकी सोयीची जागा दुसरी नाही. बसस्थानक आणि रेल्वेस्थानक दोन्ही तेथून जवळ आहेत. आणि ज्या लढाईने नागपूरच्या भोसल्यांचे स्वातंत्र्य गेले, ती लढाई याच टेकड्यांवर झाली.

शिक्षकाने आधी काय जाणून घ्यावे

सहलीचा पाठ शिक्षकाच्या मनात स्वच्छ नसेल, तर मुलांना केवळ दगडविटा दिसतात. म्हणून घटनाक्रम प्रथम ध्यानी घ्यावा.

१८१६ च्या मे महिन्यात आप्पासाहेब भोसले यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. तैनाती फौज म्हणजे खर्च राजाचा आणि हुकूम कंपनीचा, असे सैन्य. पुढे १८१७ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ खडकी येथे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. त्याच महिन्याच्या २४ तारखेस आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा या पदाची वस्त्रे जाहीर दरबारात स्वीकारली. त्यासरशी नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स सावध झाला व त्याने फौज सीताबर्डीच्या टेकड्यांवर आणली.

ही फौज सुमारे चौदाशे लोकांची होती. तीत मद्रासी पायदळाच्या दोन पलटणी, बंगाली घोडदळाच्या तीन तुकड्या आणि चार लहान तोफा होत्या. सेनापती लेफ्टनंट कर्नल स्कॉट हा होता. भोसल्यांच्या बाजूस इंग्रजी वृत्तांतांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे अठरा हजार फौज होती. त्यांपैकी तीन ते चार हजार अरब होते व खरा लढाऊ भार त्यांच्यावर होता.

२६ नोव्हेंबरच्या सायंकाळी गोळीबार सुरू झाला. टेकडीवर त्या वेळी तट नव्हता. शिपायांनी धान्याच्या पोत्यांचा आडोसा केला होता. रात्रभर थांबूनथांबून लढाई चालली. धाकट्या टेकडीचा नायक कॅप्टन सॅडलर मारला गेला. २७ तारखेस सकाळी अरबांनी धाकटी टेकडी जिंकली आणि तेथे हाती आलेली तोफ थोरल्या टेकडीकडे वळविली. जेंकिन्सचा साहाय्यक सॉथबी या लढाईत ठार झाला. कंपनीची फौज आता उखडणार असे दिसू लागले.

याच वेळी कॅप्टन फिट्झगेराल्ड याने मूठभर बंगाली घोडेस्वारांसह मैदानात चाल केली आणि भोसल्यांच्या घोडदळाला मागे रेटून दोन तोफा घेतल्या. ते पाहून टेकडीवरच्या शिपायांना धीर आला. तेवढ्यात धाकट्या टेकडीवर दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट होऊन अरबांत गोंधळ उडाला. शिपायांनी संगिनी रोखून टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सारे संपले. सुमारे अठरा तास चाललेल्या या झुंजीत कंपनीकडील ३६७ लोक मृत व जखमी झाले; म्हणजे चौघांत एकाहून अधिक.

त्यानंतर जनरल डव्हटन मोठी कुमक घेऊन आला. १६ डिसेंबर रोजी आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि त्याच दिवशी सक्करदऱ्याच्या बाजूस नाग नदीकाठी भोसल्यांच्या सैन्याचा मोड झाला. तरीही शहरातील अरबांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत. २४ डिसेंबर रोजी जुम्मा दरवाजावर झालेला इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतविला. शेवटी बोलणी होऊन ३० डिसेंबरला ते शहर सोडून गेले. हा जुम्मा दरवाजा म्हणजेच महालातील आजचे गांधी गेट होय.

पुढे १८१८ मध्ये आप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे नेत असता ते वाटेत निसटले, महादेवाच्या डोंगरात राहिले आणि अखेर १८४० मध्ये जोधपूर येथे वारले. गादीवर तिसरे रघुजी आले. त्यांच्या निधनानंतर १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. सीताबर्डीची लढाई ही त्या खालसापत्राची पहिली ओळ होती.

मुलांसमोर कोणता प्रश्न ठेवावा

एवढे सारे मुलांना पाठ करावयास लावू नये. सहलीस एकच प्रश्न पुरेसा आहे : ‘‘अठरा हजार लोक चौदाशे लोकांपुढे का हरले?’’

मुले पहिले उत्तर देतील ते तोफांचे. परंतु तोफा भोसल्यांपाशी अधिक होत्या, हे सांगताच ते उत्तर गळून पडते. मग शिक्षकाने त्यांना जमिनीकडे पाहावयास सांगावे. चढावर धावत येणाऱ्याचा श्वास आणि वर बसलेल्याची नेम धरण्याची सवड यांतील फरक दहा पावले चढ चढूनच समजतो. दोन टेकड्यांमधील अंतर थोडे आहे. एक गेली तर दुसरी तोफेच्या माऱ्यात येते, हेही डोळ्यांनी दिसते. पायथ्याशी घरे असतील तर हल्ला करणाऱ्यास आडोसा मिळतो, हे समजण्यास आजच्या दाट वस्तीची कल्पनाही पुरते.

यानंतर प्रश्नाची दुसरी बाजू उघडावी. अरब जिवावर उदार होऊन चढले. परंतु घोडदळ आणि पायदळ एका हुकुमाने हलले नाही. राजा स्वतः रणांगणावर नव्हता, आणि लढाई फिरल्यावर हल्ला आपल्या आज्ञेवाचून झाला असे त्याच्याकडून कळविण्यात आले. ज्या सैन्याला आपला राजा लढत आहे की नाही हेच ठाऊक नाही, त्याची संख्या कितीही असो, ती मोजण्यापुरतीच राहते. वर्गातील मुलांनाही हे पटते. कारण नायक नसलेला कबड्डीचा संघ त्यांनी पाहिलेला असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टेकडीवर कंपनीच्या बाजूने लढलेले बहुतेक शिपाई मद्रास आणि बंगालकडचे, म्हणजे याच देशातील होते. त्यांच्या घरीही आई होती, शेत होते. खाली लढणारे भोसल्यांचे स्वार वऱ्हाड-नागपूरकडचे आणि अरब समुद्रापलीकडून पोटासाठी आलेले. लढाईचा निकाल लंडनला कळला. मेलेल्यांची घरे मात्र बव्हंशी हिंदुस्थानात होती. किल्ल्यात कंपनीकडील मृतांची थडगी आहेत. सॅडलर आणि सॉथबी ही नावे पुस्तकांत आहेत. धाकटी टेकडी चढून गेलेल्या अरबांचे किंवा भोसल्यांच्या स्वारांचे नाव मात्र तेथे कोठे आढळत नाही. मुलांनी हे स्वतः हेरावे. इतिहास कोणाच्या कागदांवरून लिहिला जातो, हा धडा त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा तेथे लवकर कळेल. हे सांगताना पराभवाची लाज किंवा विजयाची फुशारकी शिक्षकाच्या स्वरात येऊ नये. दोन्हींमुळे मुलांचे लक्ष प्रश्नावरून उडते.

दिवस कोणता निवडावा

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य लोकांसाठी तो वर्षातून तीनच दिवस उघडतो : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. सहलीची सारी आखणी या एका गोष्टीवर अवलंबून आहे. १ मेच्या सुमारास नागपूरचे ऊन लहान मुलांना सोसवत नाही. १५ ऑगस्टला पावसाचा भरवसा नसतो. म्हणून २६ जानेवारी हा दिवस उत्तम. शाळेतील झेंडावंदन आटोपून निघावे. शाळा फार दूर असेल, तर मुख्याध्यापकांनी वरिष्ठांशी आधी विचारविनिमय करावा. किल्ल्यातील प्रवेशाची वेळ त्या वर्षी काय आहे, हे आठवडाभर आधी विचारून घ्यावे.

ज्यांना हा दिवस साधत नाही त्यांनी निराश होऊ नये. नोव्हेंबर-डिसेंबरातील कोणताही शाळेचा दिवस चालतो. २७ नोव्हेंबर साधला तर त्याच तारखेचे ऊन व हवा मुलांना अनुभवता येते. किल्ला बंद असला तरी रेल्वेस्थानकाजवळचे टेकडी गणपतीचे मंदिर याच सीताबर्डीच्या टेकडीवर आहे. तेथपर्यंतचा चढ आणि आजूबाजूची उंची पाहून प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

दिवसाचा क्रम

किल्ला उघडा असेल तेव्हा प्रथम किल्ला, नंतर डबा आणि दुपारी महाल, असा क्रम ठेवावा. किल्ल्यावर दीड तास पुरतो. आज दिसणारे पक्के बांधकाम मुख्यतः लढाईनंतरचे आहे, हे आत शिरतानाच सांगावे. अन्यथा मुले तटाआडून लढणारे शिपाई कल्पितात आणि पोत्यांच्या आडोशाचे मर्म हरवते. लष्कराच्या सूचना काटेकोर पाळाव्यात व परवानगीवाचून छायाचित्रे काढू नयेत.

किल्ला बंद असेल तेव्हा सकाळी मध्यवर्ती संग्रहालय पाहावे. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात ते हे संग्रहालय १८६३ मध्ये स्थापन झाले. ते सोमवारी बंद असते. अन्य सुट्यांची चौकशी करावी. तेथे सर्व दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. दोन दालने नीट पाहिली तरी पुष्कळ. नंतर टेकडी गणपती, डबा आणि महाल.

गांधी गेटपाशी मुलांना रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभे करावे, कारण तेथे रहदारी फार असते. या दरवाजापुढे इंग्रजांची चाल अडली, एवढेच तेथे सांगावे व मुलांना दोन मिनिटे निरखू द्यावे. वेळ उरल्यास सक्करदऱ्याकडे जाता येते. परंतु तीन ठिकाणे घाईने पाहण्यापेक्षा दोन ठिकाणे शांतपणे पाहिलेली बरी. सीताबर्डी येथे मेट्रोचे दोन मार्ग मिळतात. त्यातून थोडा प्रवास घडविला, तर दोनशे वर्षांपूर्वीची टेकडी आणि आजचे शहर मुलांना एका नजरेत दिसेल.

दिवे लागणीपूर्वी परतीचा प्रवास सुरू व्हावा.

पूर्वतयारी

सहलीच्या आठवडाभर आधी शाळेच्या अंगणात ओल्या वाळूच्या दोन टेकड्या मुलांकडून करवून घ्याव्यात. थोरली दक्षिणेस, धाकटी उत्तरेस. चिंचोक्यांनी सैन्ये मांडावीत. चौदा चिंचोके वर आणि एकशे ऐंशी खाली मांडले, की एका चिंचोक्याचे शंभर शिपाई हे प्रमाण मुलांना आपोआप कळते व गणिताचाही तास साधतो.

पालकांची लेखी संमती, मुलांची यादी, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी या गोष्टी विसरू नयेत. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. मुली असतील तर शिक्षिका किंवा गावातील एखादी जाणती बाई सोबत असावी. प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचे नाव आणि शिक्षकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्यावी. खर्च इतकाच ठेवावा की गावातील सर्वांत गरीब घरचे मूल मागे राहू नये. ते मागे राहिले, तर सहल फसली असे समजावे.

ऐकीव गोष्टींची पारख

किल्ल्याविषयी अनेक गोष्टी सांगितल्या जातात. महात्मा गांधींना १९२३ मध्ये येथे कैदेत ठेवले होते, असेही पुष्कळदा ऐकू येते. गांधीजींना १९२२ च्या मार्चमध्ये शिक्षा झाली व १९२४ च्या फेब्रुवारीत सुटका झाली. हा काळ त्यांनी पुण्याच्या येरवडा तुरुंगात आणि अखेरचे दिवस शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात काढला. दोन तारखा शेजारी मांडून गोष्ट पारखण्याचा हा नमुना वरच्या वर्गातील मुलांना अवश्य दाखवावा. सांगणाऱ्याचा उपहास न करता सत्य कसे शोधावे, हे त्यातून शिकता येते.

परतल्यावर

दुसऱ्या दिवशी निबंध लिहावयास सांगण्याची घाई करू नये. प्रथम त्याच वाळूच्या टेकड्यांभोवती मुलांना बसवून मूळ प्रश्न पुन्हा विचारावा. पहिल्या दिवशीचे उत्तर आणि आजचे उत्तर फळ्यावर शेजारी लिहावे. त्या दोहोंतील अंतर हेच सहलीचे फळ.

मग मुलांना आपल्या गावाकडे वळवावे. विदर्भातील कितीतरी गावांत ढासळलेली गढी आहे, पडका बुरूज आहे. ती गढी कोणी बांधली, तेथे कोण राहत होते, हे गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलांनी लिहून आणावे. सीताबर्डीच्या टेकडीवर ज्यांची नावे राहिली नाहीत, त्यांतील काही जण अशाच गावांतून गेले असतील. निदान आपल्या गावातील नावे तरी पुसली जाऊ नयेत, एवढी जाणीव एका मुलाच्या मनात रुजली तरी तो दिवस सार्थकी लागला.