झिरमिळ्यांवरची नावे

मंडळी, आपली दिवाळी इथे वसंतात येते. आठ वाजत आले तरी उजेड! अंधाराची वाट पाहता पाहता आम्ही आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या करतो. पतंगी कागदाच्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीवर एकेक नाव लिहायचे, खळीने चिकटवायच्या. नियम एकच: स्वतःसाठी मागायचे नाही. ज्ञानेश्वरांनीही पसायदानात विश्वासाठीच मागितले.

२०२० च्या दिवाळीत न्यूझीलंडच्या सीमा बंद होत्या. पुण्याला आजी आजारी, आम्ही इथे. सर्वांनी आजीचे नाव लिहिले; धाकटीने मात्र शेजारच्या काकूंचे. म्हणाली, "आजीला दूध त्याच आणून देतात ना!"

तेव्हापासून एक झिरमिळी आपल्या माणसांना सांभाळणाऱ्यांची असते. यंदा तुम्हीही करून पाहा.