परदेशातून नगरला: मुक्काम आणि सेवा

सिंथिया फॅरार : अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या शिक्षिका. १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या, १८३९ पासून नगरला. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळा चालवल्या. १८६२ मध्ये नगरलाच निधन. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं ते त्यांच्याच नगरच्या संस्थेत.

फादर हर्मन बाखर : स्वित्झर्लंडचे जेझुइट. दुष्काळी गावांत पाणलोटाचं काम उभं केलं. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’चे सहसंस्थापक.

जामखेड : डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी डॉक्टर आणि विद्यार्थी इथे शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्यसेविकाही असतात. यातल्या अनेकींनी शाळा फारशी पाहिलेली नाही, पण मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण, बाळंतपणातली धोक्याची लक्षणं त्यांना तोंडपाठ.

कागदपत्रं :
- पर्यटक व्हिसावर विनामोबदला स्वयंसेवा अल्पकाळच चालते. दीर्घकाळ मानद काम करायचं तर एम्प्लॉयमेंट व्हिसा.
- हा व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असल्यास आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी.
- परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत कळवण्याची जबाबदारी यजमानाची.

प्रवास : पुण्याहून नगर सुमारे १२० किलोमीटर. नगर दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर आहे. जामखेड तिथून आणखी सुमारे ७५ किलोमीटर. रेल्वे नाही, एसटीनेच जायचं. जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर.