वाढता वेग, वाढती उष्णता : ओव्हरक्लॉकिंगची चार दशके

प्रोसेसरचे सगळे काम ठरावीक अंतराने येणाऱ्या विद्युत्-स्पंदांच्या तालावर चालते. या स्पंदांची दर सेकंदाची संख्या, म्हणजेच क्लॉक, उत्पादकाने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेणे याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आयबीएमच्या १९८४ सालच्या पीसी-एटी संगणकातील ८०२८६ हा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चालत असे, आणि मदरबोर्डवरील १२ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक काढून १६ मेगाहर्ट्झचा बसवला की तोच ८ मेगाहर्ट्झवर चालू लागे.

या प्रकाराला खरी लोकप्रियता लाभली ती १९९८ साली आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए मुळे. त्याचा वेग बसची गती, म्हणजे प्रोसेसरला मेमरीशी जोडणाऱ्या मार्गाचा ताल, आणि एक स्थिर गुणक यांच्या गुणाकारातून ठरे. गुणक ४.५ वर कुलूपबंद होता. परंतु बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर ४५० वर चालत असे आणि आपल्या कितीतरी महागड्या भावंडांची बरोबरी करत असे. हे शक्य झाले, कारण चिपवर छापलेला वेग हा उत्पादकाने दिलेल्या हमीचा आकडा असतो आणि अनेक चिपांची प्रत्यक्ष क्षमता त्याहून जास्त असते. इतका निखळ लाभ त्यानंतर क्वचितच कोणाच्या पदरी पडला.

धोक्याची जाणीव मात्र उशिरा झाली. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण वाढीव वेग स्थिर ठेवण्यासाठी जो विद्युत्-दाब, अर्थात व्होल्टेज, वाढवावा लागतो, त्याच्या वर्गाच्या प्रमाणातही ती वाढते. म्हणून दोन्ही केवळ दहा टक्क्यांनी वाढवले, तरी उष्णतेत सुमारे एक तृतीयांश भर पडते. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या सुरुवातीच्या अ‍ॅथलॉनवरील हीटसिंक, म्हणजे उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग, निघाला, तर प्रोसेसर काही क्षणांत जळून जाई; उलट त्याच काळातील इंटेलचा पेंटियम ४ तापताच आपला वेग स्वतःच कमी करी. पुढे हे आत्मरक्षण सार्वत्रिक झाले. इंटेलने २०११ पासून गुणकाचे कुलूप मुख्यतः 'के' अक्षराच्या प्रोसेसरांपुरते उघडे ठेवले, तर एएमडीने २०१७ मध्ये पहिल्या रायझेन मालिकेत ते सर्वांसाठी उघडले. मात्र प्रोसेसर आता स्वतःच शक्य तितका वेग गाठत असल्याने हाताने मिळवण्यासारखे फार थोडे उरले आहे.

तापमानाला आवर घातला, तरी व्होल्टेजमुळे होणारी झीज चालूच राहते आणि ती भरून येत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा त्यामागे अतिरिक्त व्होल्टेज असल्याचे कंपनीने मान्य केले आणि सुधारित मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीची नवी आवृत्ती, दिली.

त्यामुळे नवख्याने आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी, व्होल्टेजला हात न लावता गुणक एकेका पायरीने वाढवावा, प्रत्येक पायरीवर पूर्ण भार देणारी चाचणी काही तास चालवून तापमान पाहावे, आणि एकही त्रुटी आढळली तर मागे यावे. विदर्भ-मराठवाड्यात ही चाचणी मे महिन्यातील दुपारी घ्यावी. साध्या पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, आणि जानेवारीत स्थिर ठरलेला वेग उन्हाळ्यात टिकेलच असे नाही.