दहावीनंतरचा रस्ता नववीतच शोधूया

दहावीचा निकाल दुपारी लागतो आणि संध्याकाळच्या चहापर्यंत घरात निर्णयही झालेला असतो. ऐंशीच्या वर टक्के असतील तर सायन्स, साठ-सत्तर असतील तर कॉमर्स, त्याखाली आर्ट्स. कसाबसा पास झालेल्या पोराबद्दल तर चर्चाच नाही. 'आता याला मामूच्या गॅरेजवर बसव,' असे कोणीतरी म्हणतो आणि विषय संपतो. मुलाला काय जमते, काय आवडते, या निवडीने पुढचा कोणता दरवाजा उघडणार आणि कोणता बंद होणार, हे त्या संध्याकाळी कोणी विचारत नाही. वीस वर्षे आम्ही हेच पाहत आलो आहोत. म्हणून आता पालकसभेत हा विषय आम्ही नववीच्या पहिल्या सत्रातच काढतो. काही अब्बा हसतात. म्हणतात, "सर, अजून दोन वर्षं आहेत की!" दोन वर्षे हाताशी आहेत म्हणूनच तर तो आत्ता काढायचा.

एकूण टक्केवारी ही सरासरी असते आणि सरासरीत मूल दिसत नाही. बावन्न टक्के मिळालेल्या एखाद्या मुलाची गुणपत्रिका नीट पाहा. भूमितीत आणि विज्ञानात तो बरा असतो, भाषांनी त्याला खाली ओढलेले असते. उलट ब्याऐंशी टक्क्यांची मुलगी भाषा आणि समाजशास्त्राच्या जोरावर वर आलेली असते आणि गणिताच्या तासाला तिच्या पोटात गोळा येतो. घरचे पहिल्याला 'ढ' म्हणतात आणि दुसरीला सायन्सला घालतात. बोर्डाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती. तिचा कागद बहुतेक घरांत गुणपत्रिकेच्या फाइलमध्येच राहिला. पण कल पाहायला चाचणीच हवी असे नाही. न सांगता मूल कोणते पुस्तक उघडते, घरातला पंखा बंद पडला तर कोण स्टुलावर चढते, दुकानाचा हिशेब कोणाचा जुळतो, आजारी दादीजवळ कोण कंटाळा न करता बसते, हे अम्मीला कोणत्याही तज्ज्ञापेक्षा जास्त ठाऊक असते. फक्त ते मशवऱ्याच्या वेळी बोलले पाहिजे. आणि त्या मशवऱ्यात मुलालाही बसवले पाहिजे.

अकरावीचे विषय निवडताना एकच प्रश्न सतत विचारावा: हा विषय सोडला तर पुढे काय बंद होईल? सायन्सला जीवशास्त्र सोडले तर डॉक्टरकीचा आणि बीएस्सी नर्सिंगचा रस्ता राहत नाही. गणित सोडले तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा आणि आर्किटेक्चर हातचे जातात. मन पक्के नसेल आणि अभ्यासाची ताकद असेल तर दोन्ही घ्यावेत. एकात जीव रमत नसेल तर उगाच दोन्हींचे ओझे नको. कॉमर्सला गणित ऐच्छिक असते आणि आपली मुले ते हमखास सोडतात. मग बारावीनंतर बीएस्सी आयटीला जायचे म्हटले की अडते. सीएच्या पहिल्या पायरीवरही गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर असतोच.

उर्दू माध्यमाच्या घरांसाठी इथे एक खास गोष्ट आहे. अकरावीला आयटी हा विषय घेतला तर तो दुसऱ्या भाषेच्या जागी येतो. बायफोकल घेतले तर दोनशे गुणांचा व्यावसायिक विषय मिळतो, पण दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो. म्हणजे बहुतेक वेळा उर्दू जाते. उर्दूत मुलाला चांगले गुण मिळत असतात, शिवाय घराची जबान म्हणून जीव तुटतो तो वेगळाच. आयटी घेऊ नका असे आमचे म्हणणे नाही. पण फॉर्म भरताना हे ठाऊक असावे. कॉलेज सुरू झाल्यावर, "सर, उर्दूचा तासच नाही," असे म्हणत मुले आमच्याकडे येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दुसरी अडचण इंग्रजीची. दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठीत विज्ञान शिकलेला मुलगा अकरावीत पहिले दोन महिने फक्त शब्दांशी झगडतो आणि स्वतःला कच्चा समजू लागतो. यावर साधा उपाय आहे. बालभारतीची पुस्तके सर्व माध्यमांत सारखीच असतात आणि संकेतस्थळावर मोफत मिळतात. नववीपासूनच विज्ञानाचा पाठ वाचताना त्याच पाठाचे इंग्रजी पुस्तक शेजारी उघडावे आणि वहीत प्रत्येक शब्दाची जोडी लिहावी. रोज पाच शब्द पुरेत.

आता आयटीआयबद्दल, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. आपल्या घरांत आयटीआय म्हणजे हरलेल्या मुलाची जागा. पूर्वीच्या लोकांना तसे वाटत नव्हते. अंजुमन-ए-इस्लाम १८७४ साली मुंबईत स्थापन झाली आणि तिची भायखळ्याची साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था १९३६ पासून चालू आहे. त्या काळातल्या आपल्या बुजुर्गांना हातात हत्यार घेऊन शिकण्यात कमीपणा दिसला नव्हता.

रस्ता कुठवर जातो ते पाहा. दहावीनंतर वीजतंत्री किंवा जोडारी असा दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. बोटांवर मोजा: दोन अधिक दोन अधिक तीन, सात वर्षे. अकरावी-बारावी करून इंजिनिअर होणाऱ्याला सहा लागतात. एका वर्षाचा फरक, आणि या मुलाच्या हातात मधल्या प्रत्येक टप्प्यावर कमाईचा कागद आहे. दहावीनंतर थेट पदविकेला गेला तर तोही फरक नाही, तीन अधिक तीन, सहाच वर्षे. घरची परिस्थिती मधेच बिघडली, जी आपल्याकडे बिघडतेच, तर बारावी पास मुलगा आणि वीजतंत्री मुलगा यांच्यात कोण घर सावरू शकेल, याचा हिशेब करावा.

आयटीआय करणाऱ्याची बारावी बुडते असेही समजू नये. दोन वर्षांच्या ट्रेडबरोबर बोर्डाच्या भाषा विषयांची परीक्षा दिली तर बारावीची समकक्षता मिळण्याची सोय आहे. ट्रेड संपल्यावर शिकाऊ उमेदवारी असते. तिचा कायदा १९६१ सालचा आहे आणि त्या काळात विद्यावेतन मिळते. एसटी, रेल्वे, महावितरण यांच्याकडे असे उमेदवार घेतात. काही ट्रेडना दहावी नापास मुलालाही प्रवेश आहे.

एक गंमत सांगतो. फॉर्मवर ट्रेडची नावे सरकारी मराठीत असतात: संधाता, कातारी, तारतंत्री. पालक वाचतात आणि गोंधळतात. संधाता म्हणजे आपला वेल्डर, कातारी म्हणजे टर्नर, तारतंत्री म्हणजे वायरमन आणि जोडारी म्हणजे फिटर.

मामूच्या गॅरेजलाही आमची ना नाही. तिथे मूल जे शिकते ते कोणत्याही वर्गात मिळत नाही. पण दहा वर्षांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला अर्ज करताना, आखातात मेकॅनिक म्हणून जाताना, स्वतःच्या गॅरेजसाठी बँकेत कर्ज मागताना कागद विचारला जातो. हुनर असलेला माणूस तिथे हेल्परच्या रांगेत उभा राहतो. त्यापेक्षा दिवसा आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड आणि संध्याकाळी मामूचे गॅरेज, असे दोन्ही होते. मामूलाही त्यात आनंदच असतो, आम्ही विचारून पाहिले आहे.

मुलींच्या बाबतीत निर्णय बहुधा विषय पाहून होतच नाही, बसचा मार्ग पाहून होतो. जवळच्या कॉलेजात आर्ट्सच आहे, म्हणून आर्ट्स. काळजी आम्हाला समजते. पण मग जवळचे सगळे पर्याय तरी मोजावेत. राज्यातल्या आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी असतात आणि काही ठिकाणी मुलींचे स्वतंत्र आयटीआय आहे. शिवणकामाबरोबरच संगणक ऑपरेटर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, स्थापत्य आरेखक हे ट्रेड आहेत. आरेखकाचे काम टेबलावर बसून नकाशे काढण्याचे असते. आर्ट्सच घेतले तर त्यातही पुढचे ठरवून घ्यावे: बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेतून करता येतो, डीएलएड करून शिक्षिका होता येते.

खर्चाचे म्हणाल, तर २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली.

आणि इथेच आपली घरे मागे राहतात. तांबोळी, बागवान, मोमीन, आतार, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम जमाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखला काढलेला नसतो. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुधा दादांचा किंवा परदादांचा शाळेचा दाखला. त्यावर जातीच्या रकान्यात अनेकदा नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग दादांच्या भावांचा, फुफीचा, कोणाचातरी जमात लिहिलेला दाखला शोधावा लागतो, गावच्या शाळेचे जुने रजिस्टर उघडावे लागते, कधी जमिनीच्या जुन्या नोंदी काढाव्या लागतात. हे काम प्रवेशाच्या आठ दिवसांत होत नाही. त्यानंतर नॉन-क्रिमीलेअर, आणि पदवीच्या व्यावसायिक प्रवेशाच्या वेळी जात पडताळणी. जे यादीत येत नाहीत त्यांनी ईडब्ल्यूएसची चौकशी करावी. अल्पसंख्याक संस्थांतला कोटाही विसरू नये.

मूल नववीत असेल तर येत्या दिवाळीच्या सुटीत गावी जाल, तेव्हा दादांच्या शाळेत चौकशी करण्यासाठी एक दिवस राखून ठेवा. सुटीत शाळा बंद असते, म्हणून मुख्याध्यापकांना आधी फोन करा.